पंचरंगी सामने आणि वर्ध्याचे उत्तर



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि कायदा ह्यांवरच बोलणार, असे लोक धरून चालतात. आज मी क्रिकेटच्या एका चषकाविषयी बोलणार आहे. विषय बदलला, तरी माझा धंदा बदललेला नाही. माणसांना एकत्र बांधणे हे संघटकाचे काम, आणि खेळाचा संघ हीही माणसांची एक बांधणीच. ती कोणत्या दोरीने बांधायची, हा प्रश्न मुंबईच्या मैदानावर पन्नास वर्षे भिजत पडला होता. १९४० च्या डिसेंबरात तो प्रश्न घेऊन मुंबईची मंडळी थेट आपल्या वर्ध्याला आली. तेव्हा ही हकीकत मुंबईची असली, तरी तिचे एक टोक आपल्या जिल्ह्यात आहे. आपल्याकडे ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज सांगतो.

आधी चषकाचे सामने म्हणजे काय ते पाहू. स्पर्धा भरविण्याच्या मुख्य रीती दोन. एक साखळीची, दुसरी बाद पद्धतीची. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. सोळा संघ असले तर एकशे वीस सामने होतात. एक दिवस वाईट गेला, तरी पुढे भरून काढता येतो. बाद पद्धतीत हरला तो घरी गेला. सोळा संघांना पंधराच सामने पुरतात. कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो, आणि एक सोडून बाकी सर्वांना बाद व्हायचे असते. हिशेब इतका सोपा आहे की शाळेतले पोर करील. पण ह्या सोप्या हिशेबातच गर्दीचे मर्म आहे. साखळीतला सामना म्हणजे महिन्याच्या उधारीचे खाते. बाद पद्धतीतला सामना म्हणजे रोखीचा सौदा. आज काय ते आजच. म्हणून चषकाला लोक लोटतात, ओरडतात, हरल्यावर जेवत नाहीत. आणि म्हणूनच अशा सामन्यात जे नाव घेऊन आपण ओरडतो, ते नाव मनात खोल जाऊन बसते. ते नाव गावाचे असेल तर गाव बसते. धर्माचे असेल तर धर्म बसतो.

मुंबईत ते नाव धर्माचे कसे झाले, ह्याचा इतिहास थोडक्यात असा. १८७७ साली पारशी खेळाडू बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियनांशी प्रथम खेळले. १८९२ पासून हा सामना नियमित होऊ लागला. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. १९३७ साली 'रेस्ट' म्हणजे 'बाकीचे' नावाचा पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. पाच संघ, चार सामने, एक चषक. देशातली त्या काळची सर्वांत गाजलेली स्पर्धा ती हीच.

कोणी म्हणेल, लोक आपापल्या जातभाईंत खेळत होते, त्यातून हे आपोआप झाले. काही अंशी ते खरे आहे. पण जमिनीकडे पाहा. मुंबईत जागा मिळणे किती कठीण, ते तेव्हाही सर्वांना माहीत होते. लॉर्ड हॅरिस हे क्रिकेटवेडे गृहस्थ १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीच्या सुमारास समुद्रकाठच्या सरकारी जमिनी जिमखान्यांना मिळाल्या, त्या धर्मवार मिळाल्या. पारशांचा एक जिमखाना, मुसलमानांचा एक, हिंदूंचा एक, शेजारी शेजारी. एकदा जमीन धर्माच्या नावावर चढली, की तिच्यावरचा तंबू, तंबूतली खुर्ची, खुर्चीवरचा चिटणीस आणि चिटणिसाच्या वहीतला संघ हे सगळे त्याच नावाने चढत जातात. सात-बाराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव लागते ह्याला आपल्याकडे जो अर्थ आहे, तोच तिथेही होता.

ह्याहून वेगळे काही होऊ शकले असते काय? होऊ शकते, हे त्याच काळात दुसऱ्या एका देशात दिसत होते. तो देश म्हणजे ज्यांच्याकडून आपण क्रिकेट शिकलो तेच इंग्लंड. पण साहेबांचे इंग्लंड नव्हे, गिरणीवाल्यांचे. आपल्या हिंगणघाटच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल-मँचेस्टरच्या बाजारात नाव होते. तो कापूस लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांत जाई. त्या गिरण्यांतले आणि शेजारच्या यॉर्कशायरमधल्या खाणींतले कामगार रग्बी नावाचा खेळ खेळत. लांबट चेंडू हातात धरून धावायचे, आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे, असा तो दांडगा खेळ आहे. आपल्या हुतूतूतली पकड आणि पळापळी एकत्र केली तर थोडी कल्पना येईल.

१८५० च्या कारखाना कायद्याने तिथल्या कापडगिरण्यांत स्त्रिया व मुले ह्यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्याविना गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही दुपार मोकळी मिळाली. त्या दुपारीत त्यांचा खेळ वाढला. पण सगळ्याच सामन्यांना शनिवारची दुपार पुरत नसे. सकाळची पाळी सोडून प्रवास करावा लागे, आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. उत्तरेकडच्या क्लबांनी मागितले ते इतकेच, की बुडालेली मजुरी खेळाडूला भरून देऊ द्या. १८९३ साली रग्बीच्या मुख्य संस्थेने ती मागणी फेटाळली. खेळासाठी पैसा घेणे सद्गृहस्थाला शोभत नाही, असे तिचे तत्त्व. ज्याला बापाची इस्टेट आहे त्याला हे तत्त्व परवडते. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी संघटना काढली. बुडालेल्या दिवसाबद्दल सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यावी, असे ठरले. हाच खेळ पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ पासून लँकेशायरचा एक आणि यॉर्कशायरचा एक असे परगण्यांचे दोन चषक बाद पद्धतीने सुरू झाले, ते १९९०-नंतरच्या पहिल्या वर्षांपर्यंत चालले. विगन, हन्स्लेट, ओल्डहॅम अशी त्या संघांची नावे. सगळी गावांची नावे. भांडण तिथेही झाले, फूटही पडली. पण ती मजुरीच्या प्रश्नावर पडली, आणि संघ गावाच्या नावाने उभा राहिला.

आपल्या गिरणी कामगाराला तर त्या काळी आठवड्याची सुट्टीच नवी होती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. चौरंगीचे सामने तीन-तीन दिवस चालत, ते काही कामगाराची सोय पाहून लावलेले नसत. तंबूंत सभासद बसत. बिनपैशाचा प्रेक्षक कडेला उभा राही, झाडावर चढे. तरी तो येई आणि ओरडे. कोणासाठी? आपल्या गिरणीचा संघ नव्हता, आपल्या वस्तीचा नव्हता. जो संघ मिळाला, त्याच्या धर्माचा पुकारा त्याने केला.

आता ह्या धर्मवार बांधणीची आतली बाजू पाहू. ज्या पेटीवर 'हिंदू' असे लिहिले, तिच्यात सगळे हिंदू सारखे होते काय? पळवणकर बाळू ह्यांचे चरित्र त्याचे उत्तर देते. चांभार समाजातला हा माणूस पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची चाकरी करी आणि साहेबांना सरावासाठी तासन्तास गोलंदाजी करी. डावखुरा मंदगती गोलंदाज म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळी देशात नव्हता. हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर सगळे त्यांच्या हातचा चेंडू झेलत. पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही.

१९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि त्यांच्या भावांचीही ज्येष्ठता डावलली. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल ह्या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि कारण जाहीरपणे लिहून दिले. माझ्या धंद्यात ह्याला एकच शब्द आहे: संप. दोन माणसांचा संप. पण ती दोन माणसे अशी होती, की त्यांच्यावाचून संघाचे चालत नव्हते. अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली, बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चषक जिंकला. ह्यावरून मी एक गोष्ट शिकलो. जन्मावर बांधलेली पेटी एकदा मान्य केली, की ती तिथेच थांबत नाही. पेटीत पेटी निघते, आणि सगळ्यांत आतल्या पेटीत जो सापडतो त्याला झाकण स्वतःच फोडावे लागते.

असो. आता आपण १९३७ आणि १९४० ह्या दोन वर्षांकडे येऊ. ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत, कारण दोन्ही वर्षी हिंदू संघ स्पर्धेतून बाहेर राहिला, आणि दोन्ही वेळची कारणे अगदी वेगळी होती.

१९३७ च्या डिसेंबरात चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तोवरचे सामने बॉम्बे जिमखान्यावर होत, ते आता पक्क्या बांधलेल्या स्टेडियमात आले. पक्के स्टेडियम म्हणजे मोजक्या खुर्च्या, आणि मोजक्या खुर्च्या म्हणजे वाटणी. कोणत्या जिमखान्याला किती जागा, ह्यावरून हिंदू जिमखान्याचे क्लबाशी बिनसले. जास्त जागा मागितल्या, मिळाल्या नाहीत, संघ उतरला नाही. चषक मुसलमान संघाने जिंकला. पुढच्या वर्षी तोडगा निघाला, संघ परत आला. १९३७ चा बहिष्कार हा वाट्याचा बहिष्कार होता. मी त्याला हलका म्हणत नाही; निम्मे संप वाट्याचेच असतात. पण वाट्याचा संप वाटा मिळाला की मिटतो. मूळ व्यवस्था बरोबर की चूक, हा प्रश्न त्यात येतच नाही.

१९४० चे तसे नव्हते. युरोपात महायुद्ध पेटून वर्ष उलटले होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी आपल्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. त्यांच्यामागून एकेक सत्याग्रही तुरुंगात जात होता. अशा वेळी मुंबईत पंचरंगीची तयारी चालली होती. हिंदू जिमखान्यातच दोन तट पडले. एक म्हणे, नेते तुरुंगात असताना हा तमाशा कशाला? दुसरा म्हणे, खेळ तो खेळ, त्यात राजकारण आणू नका. शहरातही वाद होता. 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्राचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी आणि क्रीडासंपादक जे. सी. मैत्र हे जातीय सामन्यांच्या विरुद्ध होते. शेवटी जिमखान्याचे शिष्टमंडळ गाडीत बसून वर्ध्यास गांधीजींचा सल्ला घ्यायला आले.

गांधीजींनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जे उत्तर दिले, ते दोन भागांचे होते. ते वेगळे करून पाहणे जरूर आहे. पहिला भाग प्रसंगाचा. जग युद्धाने होरपळत असताना आणि देशातले लोक तुरुंगात जात असताना असल्या करमणुकी थांबाव्यात, सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे आपला कल आहे, असे त्यांनी सांगितले. दुसरा भाग तत्त्वाचा. महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने आपण समजू शकतो. पण हिंदूंचा संघ, पारशांचा संघ, मुसलमानांचा संघ हे कशासाठी, ते आपल्याला कधी कळले नाही, अशा विभागण्या खेळाच्या रीतीला सोडून आहेत आणि त्या वर्ज्य मानाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः क्रिकेटच्या नादी न लागलेल्या माणसाने प्रश्नाचे मूळ असे नेमके धरले होते.

शिष्टमंडळ परतले. जिमखान्याच्या सभासदांची सभा झाली, कडाक्याची चर्चा झाली, मतदान झाले. थोड्या मतांच्या फरकाने ठरले, की ह्या वर्षी हिंदू संघाने खेळायचे नाही. पाचांतला एक संघ गेला. सामने थांबले नाहीत. उरलेल्या संघांत स्पर्धा झाली आणि चषक मुसलमान संघाने जिंकला. त्या हंगामाची हकीकत येथे संपते. धावफलक पाहिला, तर ह्यापलीकडे काही घडलेले दिसत नाही.

मला जे दिसते ते पुढच्या वर्षी. १९४१ साली हिंदू संघ परत उतरला आणि चषक जिंकून गेला. जणू मधल्या वर्षी वर्ध्याला कोणी गेलेच नव्हते. असे का झाले?

संघटक म्हणून माझे उत्तर असे. उत्तराचे दोन भाग होते, आणि जिमखान्याने त्यातला पहिलाच उचलला. प्रसंग पाळला, तत्त्व तसेच ठेवले. सुतक तेरा दिवसांचे असते. ते फिटले की घर पूर्ववत् चालू लागते. 'ह्या वर्षी नको' ह्या ठरावात 'पुढच्या वर्षी होय' हे दडलेले असतेच. युनियनच्या सभेतही मी हे पाहतो. 'साहेब वाईट आहे' ह्यावर हात झटकन वर होतात. 'पद्धत वाईट आहे' म्हटले, की हात अर्ध्यावर थांबतात.

दुसरे कारण पैशाचे. पंचरंगीच्या दरवाज्यावर जमणारा पैसा जिमखान्यांत वाटला जाई; त्यावर त्यांचा वर्षाचा खर्च भागे. १९३४ साली प्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा सुरू झाली होती. तीही त्या वेळी बाद पद्धतीचीच, आणि तीत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचाही संघ होता. पण तिला प्रेक्षक थोडे आणि उत्पन्न त्याहून थोडे. म्हणजे चांगल्या पायावर उभी असलेली स्पर्धा उपाशी, आणि वाईट पायावरची तुपाशी. दाम करी काम. जी फूट कोणाच्या तरी मिळकतीची झाली आहे, ती नुसत्या उपदेशाने बुजत नाही. उपदेश करणारा कितीही मोठा असो.

१९४२ साली सामने झाले नाहीत. 'चले जाव'चे वर्ष होते ते. १६ ऑगस्ट १९४२ ला आपल्या आष्टीत काय घडले, हे तळेगावकरांना मी सांगावे असे नाही. त्या हुतात्म्यांची यादी पुष्कळांना पाठ असेल. ती धर्मवार लावलेली नाही, एवढेच मी नम्रपणे लक्षात आणून देतो.

१९४३ साली पुन्हा स्पर्धा झाली. अंतिम सामना हिंदू विरुद्ध रेस्ट. विजय मर्चंट ह्यांनी हिंदूंकडून नाबाद २५० धावा केल्या. रेस्टचा पहिला डाव १३३ त आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारे ह्यांच्या! धाकटे बंधू विवेक ह्यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक ह्यांचा वाटा होता २१. एवढे करूनही रेस्ट हरले. हजारे हे सांगलीचे. मराठी ख्रिस्ती घराण्यातले. महाराष्ट्राच्या संघातून ते खेळले तेव्हा ते महाराष्ट्राचे होते. पंचरंगीत आले की ते 'बाकीचे' होत. आपल्याच मुलखात, आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसाला 'बाकीचा' म्हणणारी वाटणी किती विचित्र! पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने कसोटी सामन्यातला आपला पहिला विजय मिळविला, तेव्हा भारताचे कर्णधार हेच हजारे होते.

स्पर्धेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेळाडू एकमेकांचे मित्र होते. समोरच्या संघाच्या चांगल्या फटक्यालाही टाळ्या पडत. १९४४ चा अंतिम सामना मुसलमान संघाने हिंदूंविरुद्ध अवघा एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम ह्यांनी शेवटपर्यंत नाबाद राहून तो ओढून आणला. अशा चुरशीच्या सामन्यानंतरही शहरात शांतता राहिली. सामन्यांचे पुरस्कर्ते म्हणत, की एकत्र खेळून सलोखाच वाढतो. आणि आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंसारखा खेळाडू लोकांच्या मनात ठसला तो ह्याच वातावरणात. १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर एम. सी. सी. विरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी ११ षट्कार मारून १५३ धावा काढल्या होत्या.

हे सगळे मान्य. पण ह्या युक्तिवादाचे उत्तर खेळाडूंनीच एका ठिकाणी देऊन ठेवले आहे. १९३६ च्या जुलैत मँचेस्टरला भारताचा डाव उघडायला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली एकत्र गेले. पहिल्या गड्यासाठी त्यांनी २०३ धावांची भागी केली. मर्चंट ११४, मुश्ताक अली ११२. घरी परतल्यावर मुंबईच्या सामन्यांत हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहत, एक हिंदू म्हणून, दुसरा मुसलमान म्हणून. सलोखा खेळाडूंच्या अंगी होता, तो त्यांनी विरुद्ध बाजूंना राहूनही राखला. त्याचे श्रेय वाटणी करणाऱ्याला देता येत नाही. दोन भावांनी वाटणीनंतर प्रेम ठेवले, तर आपण भावांना चांगले म्हणतो, तलाठ्याला नव्हे.

आणि मैदानाबाहेर जग थांबले नव्हते. धर्माच्या नावाने मतदारसंघ होते, धर्माच्या नावाने देश मागितला जात होता. १९४५-४६ च्या हंगामात हिंदूंनी चषक जिंकला, तो शेवटचा. १९४६ साली देशात दंगलींचा वणवा पेटला, आणि पंचरंगी सामने कायमचे बंद पडले. वर्ध्याच्या उत्तराला सहा वर्षे झाली होती. सभेत मतदानाने जी गोष्ट शांतपणे करता आली असती, ती रक्तपाताने करविली. क्रिकेटने फाळणी घडविली असे मी म्हणणार नाही. तेवढे वजन चेंडूत नसते. पण वर्षानुवर्षे हजारो माणसांनी मैदानावर ज्या नावांचा पुकारा केला, ती नावे त्यांच्या जिभेवर तयार होती, एवढे तर खरे.

आता आजच्याकडे येतो. रणजी स्पर्धा, जी तेव्हा उपाशी होती, ती जगली. आपल्या विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये ती जिंकली. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून खेळून भारताच्या संघात गेला. त्याची जात-धर्म विचारून नागपुरात टाळी पडली नाही. मुलखाच्या नावाने संघ बांधला, की त्यात खाणकामगाराच्या पोराला जागा होते, ही गोष्ट हडर्सफील्डच्या त्या बैठकीइतकीच आपल्यालाही कळावी.

परंतु मोठ्या स्पर्धा सुधारल्या म्हणून गावच्या सुधारल्या असे नव्हे. माझ्या कामातले एक उदाहरण देतो. जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगाम सुरू होण्याआधी कामगारांचे कबड्डीचे सामने होत. बक्षीस मालकाचे. संघ वस्तीवार, आणि वस्तीवार म्हणजे जातवार, हे आपणांला फोडून सांगायला नको. हंगामात गाठींचा दर ठरविण्याची वेळ आली, की सभेत माणसे त्याच टोळक्यांनी बसत. एका टोळीने दर मागितला, की दुसरी गप्प. दोघांचे कारभारी वेगळे, दोघांना मिळणारे आश्वासन वेगळे. आम्ही दर मागण्याआधी संघ बदलले. रेच्यांवरचे एक, प्रेसवरचे दुसरे, हमाल-गाडीवाले तिसरे, अशी खातेवार बांधणी केली. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दोन जुने गडी खेळायलाच आले नाहीत. दुसऱ्या वर्षी सरावले. लगेच काही चमत्कार घडला नाही. पण त्या हंगामात प्रेसवाल्यांची मजुरी कापली गेली, तेव्हा रेच्यांवरची माणसे विचारायला आली, 'आमच्या कॅप्टनचे किती कापले?' तो कॅप्टन कोणत्या वस्तीतला होता, ते त्यांना आधीही माहीत होते. आता तो त्यांच्या खेळातला माणूस झाला होता.

बंधुभगिनींनो, शाळा सुटल्या की आपल्या भागात चषकांचा हंगाम सुरू होतो. टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. फलकावर पुढाऱ्याचा फोटो, खाली बक्षिसाची रक्कम. संघांची नावे वाचून पाहा. काही गावांची असतात, काही मंडळांची, आणि काही अशी असतात, की ती वाचून आत कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही ते कळते. स्पर्धा भरविणाऱ्या मुलांना दोष देऊ नका. जी पेटी समोर दिसते तिच्यात ती उतरतात. पण ज्यांच्या खिशातून बक्षीस जाते, ती वडीलमंडळी ह्या सभेत बसलेली आहेत. वर्गणीची पावती फाडण्याआधी आयोजकांना एक प्रश्न विचारता येतो, आणि विचारायला पैसे पडत नाहीत: तुमच्या संघात येण्यासाठी माणसाला काय यावे लागते, खेळ की आडनाव?

१९४० साली हा प्रश्न वर्ध्यात विचारला गेला आणि त्याचे उत्तरही वर्ध्यात दिले गेले. मुंबईने त्यातले अर्धे घेतले. उरलेले अर्धे अजून आपल्याकडे शिल्लक आहे.